पैऱ्याची पावलं

माझ्या वडिलांना हार्ट ॲटॅक आला तेव्हा ते निपाणीच्या बाजारात वांगी निवडत होते, आणि बेळगावच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वांग्यांचा. पिशवी कुणी घेतली? आत वीस रुपयांची कोथिंबीरही होती म्हणे. दोन स्टेंट बसलेल्या माणसाला कोथिंबिरीची काळजी! असल्या माणसापुढं कपाळ बडवून घ्यावं की हसावं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांचं नाव भरमू. गाव त्यांना भरमूअण्णा म्हणतं, मी आप्पा. मी माधवी, त्यांची एकुलती एक लेक. बेळगावात बँकेत नोकरी करते, टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि माझा स्वभाव आईच्या म्हणण्याप्रमाणे फोडणीतल्या मोहरीसारखा आहे. असू दे. मोहरी तडतडली नाही तर आमटीला चव येत नाही.

दवाखान्यातून सोडल्यावर आप्पा अकरा दिवस माझ्याकडं राहिले. अकरा दिवस ते गॅलरीत बसून खाली वॉचमनकडं बघत होते. बाराव्या दिवशी म्हणाले, "माधवी, मला गावाकडं सोड. हितं कोण खोकत सुदीक न्हाय गं."

नागेंद्र डॉक्टर म्हणाले, गावी जायला हरकत नाही, पण रोज चाललं पाहिजे, गोळ्या वेळेवर घेतल्या पाहिजेत आणि मीठ कमी. त्यांनी एक ॲप दिलं. मनगटावर घड्याळ बांधायचं, फोन खिशात ठेवायचा. पावलं किती, ठोके किती, सगळं डॉक्टरांच्या फोनवर आणि माझ्या फोनवर दिसणार. मी आईच्या देखत आप्पांकडून शब्द घेतला. रोज सहा हजार पावलं. सलग तीन दिवस आकडा खाली गेला, तर चौथ्या दिवशी मी गाडी घेऊन येणार आणि त्यांना कायमचं टिळकवाडीत आणणार.

"कायमचं?" आप्पांनी विचारलं.

"कायमचं."

"बरं," म्हणाले. फाशीचा हुकूम ऐकल्यागत तोंड केलं होतं. मला वाईट वाटलं, पण मी घट्ट राहिले. बाप गमावण्यापेक्षा बाप रुसलेला परवडला.

आमचं गाव निपाणीपासून पाच-सहा मैलांवर, आणि तिथं एक अडचण आहे जी शहरातल्या डॉक्टरला सात जन्मांत कळायची नाही. तिथं कुणी उगीच चालत नाही. माणूस रानात जातो, डेअरीला जातो, मयताला जातो. मोकळ्या हातांनी, पांढरे बूट घालून, कुठंही न जाता चालणारा माणूस गावानं तोवर बघितलेला नव्हता. पहिल्या दिवशी आप्पा निघाले तर दहा पावलांवर पहिला भेटला.

"कुठं निघालासा अण्णा?"

"कुठं न्हाय. चालाय."

"व्हय, पर कुठं?"

बाराव्या माणसापर्यंत आप्पांच्या तोंडाला फेस आला. त्यात गावाचा जीव आप्पांवर. हार्टचा पेशंट उन्हात पायी चाललाय म्हटल्यावर प्रत्येक मोटरसायकल थांबायची. "बसा मागं." नको म्हणायचं कसं? माणूस दुखावतो. पहिल्या आठवड्यात आप्पा चालायला म्हणून बाहेर पडले आणि दोनदा निपाणीला, एकदा तर थेट संकेश्वरला पोचले. तिथं दुसऱ्याच्या पाहुण्यांकडं चहा घेऊन परत आले. त्या दिवशी माझ्या फोनवर दिसलं: पावलं चारशे बारा, अंतर अठ्ठेचाळीस किलोमीटर. खाली ॲपनं लिहिलं होतं, "अभिनंदन! आज तुम्ही आपल्या वेगात लक्षणीय सुधारणा केली आहे."

मी फोन करून असली तडतडले की शेजारच्या टेबलावरचा कॅशियर उठून बाहेर गेला. "आप्पा, दोन दिवस झालेत खाली. उद्याचा तिसरा. परवा गाडी येणार."

आणि तिसऱ्या दिवशी आकडा आला नऊ हजार आठशे चाळीस. मी बँकेत उभ्या उभ्या देवाला हात जोडले.

देवाला कशाला जोडले कोण जाणे. जोडायचे होते ते जोतिबाला. हे मला सहा महिन्यांनी कळलं; तुम्हाला आत्ताच सांगून टाकते.

जोतिबा म्हणजे आप्पांच्या बरोबरीचा, आमच्या मागच्या गल्लीतला. बायको वारली, मूलबाळ नाही, अकरा शेरडं आहेत. रोज सकाळी शेरडं घेऊन गावामागच्या माळावर चढायचा, दुपारी उतरायचा. आमच्याकडं शेतात पैरा चालतो. आज माझा माणूस तुझ्या रानात राबतो, उद्या तुझा माझ्या. पैसा कुणी कुणाला देत नाही, आणि राहिलेला पैरा कुणी विसरतही नाही. त्या तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा जोतिबाच्या दारात गेले आणि म्हणाले, "जोतिबा, तू तसाबी चालतोयसच. माझ्या नावानं चाल. तुझ्या शेंगा फोडायच्या हाईत त्या मी बसून फोडतो."

जोतिबानं काही विचारलं नाही. घड्याळ मनगटावर बांधून घेतलं, फोन बंडीच्या खिशात टाकला आणि शेरडांना हाक मारली. पैऱ्याला कोण नाही म्हणतो? आप्पांच्या डोक्यात यात फसवणूक अशी नव्हतीच. काम ठरलं होतं सहा हजार पावलांचं. काम होत होतं. भांगलण आपल्या हातानं झाली का गड्याच्या, हे पिकाला थोडंच कळतं? हे त्यांचं म्हणणं. आता बोला!

माझ्या फोनवर मग सगळं सोन्यासारखं दिसायला लागलं. रोज आठ हजार, नऊ हजार. मी रोज संध्याकाळी आकडा बघायची आणि अंगठ्याचं चित्र पाठवायची. आप्पा ते जोतिबाला दाखवायचे. जोतिबा म्हणायचा, "पोरगी खुश हाय न्हवं? मग झालं."

ॲप संध्याकाळी प्रश्नही विचारायचं. आत एक बाई होती, लई शुद्ध मराठी बोलायची. "आज आपल्याला ताण किती जाणवला? शून्य ते दहामध्ये सांगावे." आप्पांना ताण म्हणजे बैलाचा माहीत, आपला कसा मोजायचा? ते फोन घेऊन डेअरीवर जायचे. डेअरीत गुंडू दुधाचं फॅट काढतो. आप्पांच्या तोंडाकडं जरा वेळ बघून तो फॅट सांगायच्या आवाजातच सांगायचा, "चार पॉइंट दोन." रांगेतला एखादा म्हणायचा, आज जरा जास्त वाटतोय, म्हशीनं लाथ मारलीय त्यांना. मग चर्चा होऊन चार पॉइंट सहा ठरायचं. नागेंद्र डॉक्टरांनी मला सांगितलं, एवढा बारकाईनं ताण मोजणारा पेशंट त्यांनी आजवर बघितला नव्हता.

आणि इथंच घोळ झाला. दवाखान्यानं हृदय दिनाचा कार्यक्रम ठेवला आणि आदर्श पेशंट म्हणून आप्पांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि आप्पांचं भाषण: मी कसा चाललो.

आई म्हणाली, "जाऊ नगासा. सांगा तब्येत बरी न्हाय." पण तब्येत बरी नाही म्हटलं तर मी गाडी घेऊन येणार. गेलं तर खोटं बोलावं लागणार. आप्पा तीन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, "जोतिबा, तूबी चल. सत्कार तुझा हाय, शाल तेवढी माझ्या अंगावर पडंल."

कार्यक्रम रविवारी सकाळी. शेरडं आईच्या हवाली करून दोघं पहाटेच्या गाडीनं बेळगावला आले. आता शेरडं नाहीत, माळ नाही, पण आकडा तर भरला पाहिजे. म्हणून जोतिबा दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरत राहिला. साठ फेऱ्या. सिक्युरिटीवाल्यानं तीनदा विचारलं, गाडी सापडत नाही का? तो म्हणाला, गाडीच नाही. मी आप्पांना घेऊन आत गेले तेव्हा तो मला दिसला, आणि मला वाटलं, बिचारा बावरलाय. फेऱ्या संपवून तो हॉलमध्ये आला आणि शेवटच्या रांगेत खुर्चीवर टेकला.

आप्पा माईकपुढं उभे राहिले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. म्हणाले, "मी काय बोलणार. सा म्हयनं रोज चालणं झालं. देवाच्या आन् माणसांच्या दयेनं झालं. चालणाऱ्याचं उपकार लई हाईत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. मेली मी, काय अभिमान वाटला होता मला!

अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि त्याच क्षणी माझा फोन किंचाळला. डॉक्टरांचाही किंचाळला. पडद्यावर लाल अक्षरं: भरमू यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी.

हॉलमध्ये त्या वेळी चौदा डॉक्टर होते. चौदाच्या चौदा आप्पांवर धावले. कुणी पाय धरले, कुणी डोकं, आणि शालीसकट उचलून त्यांना हारतुऱ्यांच्या टेबलावर आडवं केलं. आप्पा ओरडत होते, "अहो मला काय झालं न्हाय! नारळ तरी काढा पोटावरचा!" शर्ट उघडला, वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी निघाली. मी बाजूला उभी राहून रडत होते. मला वाटलं, संपलं. आता या टेबलावरच संपलं.

पट्टी चांगली आली. दुसरी काढली, तीही चांगली. नागेंद्र डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले, "काही नाही. घड्याळ बिघडलं असेल. होतं असं कधी कधी. घरी जा निवांत."

म्हणजे सुटले होते आप्पा. गप्प राहिले असते तर शाल घेऊन गावी जाता आलं असतं, जन्मभर कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उठून बसले आणि शेवटच्या रांगेकडं बघितलं.

"घड्याळ बिघडल्यालं न्हाय," ते मोठ्यानं म्हणाले. छातीला अजून वायरी होत्या. "घड्याळ जोतिबाच्या हातात हाय. चालला त्यो. मी एक पाऊल चाललो न्हाय. माझं ऱ्हाऊ द्या, पळा तिकडं! त्याला बघा!"

मग चौदा डॉक्टर शेवटच्या रांगेकडं पळाले.

जोतिबा घामानं भिजला होता. एवढी माणसं अंगावर आलेली बघून त्याला वाटलं, पार्किंगमध्ये फिरल्याबद्दल पकडायला आलेत. त्याची पट्टी मात्र खरंच वेडीवाकडी आली. डॉक्टरांनी विचारलं, छातीत असं कधीपासून होतंय?

"फडफडतंय व्हय? मधनं मधनं फडफडतंय, दोन वरसं झाली. आपापलं थांबतंय."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? शेरडास्नी?"

ठोके बघायला माणूस शांत बसलेला लागतो, हे डॉक्टरांनी मग मला समजावलं. जोतिबाला शेरडांनी कधी बसू दिलंच नव्हतं. ज्या दिवशी तो खुर्चीत टेकला त्या दिवशी घड्याळानं पकडलं. आणखी काही दिवस असंच गेलं असतं तर आत रक्ताची गुठळी होऊन डोक्यात गेली असती, आणि अर्धं अंग लुळं पडलं असतं. किंवा सगळंच.

त्याला दाखल करायचं म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पेशंट तुमचा कोण? आप्पा म्हणाले, "पैऱ्याचा." तिनं कानडीत विचारलं, आप्पांनी कानडीत सांगितलं, तरी तिच्या यादीत तसलं नातं नव्हतं. भाऊ लिहू का म्हणाली. "भाऊ कशाला? भाऊ वाटणी मागतोय," आप्पा म्हणाले. शेवटी तिनं 'इतर' लिहिलं.

मी कॉरिडॉरमध्ये त्यांना गाठलं. सहा महिन्यांचं सगळं बाहेर आलं. "आप्पा, तुम्ही मला फसवलंत! मी तुमच्या आकड्यावर झोपत होते रात्री! तुम्हाला काही झालं असतं आणि माझ्या फोनवर नऊ हजार दिसले असते, तर मी काय करायचं होतं?"

"फसवलं," आप्पा म्हणाले. मान खाली. "चुकलं माझं."

"मग ठरल्याप्रमाणं चला आता. कायमचं."

"शब्द दिलाय. चार दिवसांनी येतो."

चार दिवसांनी जोतिबाला सोडणार होते. मी गाडी घेऊन दवाखान्यात गेले तर दारात जोतिबा उभा, हातात आप्पांची बॅग, अंगावर आप्पांचा नवा शर्ट. आप्पांचा पत्ता नाही. ते सकाळच्या गाडीनं निपाणीला गेले होते.

"भरमूनं सांगितलंय," जोतिबा ओशाळून म्हणाला, "माझ्या वाटणीचा तू जा. एका गड्याला जमंना झालं की दुसरा जातोय, तसं. तिकडं माझी शेरडं त्यो बघतोय. पोरी, तुला चालत नसंल तर मी जातो गं माघारी."

बापाच्या बदली बाप पाठवला होता! पण डॉक्टर म्हणत होते, महिनाभर दर आठवड्याला रक्त तपासून गोळीचं प्रमाण ठरवावं लागेल, जवळपास राहू दे. आणि त्या माणसाच्या घरी त्याला पाणी द्यायला कुणी नव्हतं. मी गाडीचं दार उघडलं.

जोतिबा महिनाभर राहिला आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखायला लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा गुडघा, वॉचमनचं लग्न, लिफ्टवाल्याची सासू, सगळं त्याला ठाऊक. गॅलरीत उभा राहून असा खणखणीत खोकायचा की खालून लोक हात करायचे. ॲप आता त्याच्या नावानं चालू केलं होतं. त्यातली बाई रोज विचारायची, आज आपल्याला कसे वाटते? आणि तो रोज तिला सविस्तर सांगायचा. पंधरा पंधरा मिनिटं. एकदा मी म्हटलं, काका, एक बटण दाबलं तरी चालतं. तो म्हणाला, "असू दे गं. इचारतीया बिचारी."

महिना संपल्यावर मी त्याला गावी सोडायला गेले. आप्पा घरी नव्हते. आई म्हणाली, माळावर. "रोज जात्यात. दमून येत्यात, दोन भाकरी खात्यात आन् आडवं होत्यात."

मी तशीच मागच्या वाटेनं चढायला लागले. साडी, बँकेतल्या चपला, आणि खुर्चीत बसून जड झालेलं शरीर. अर्ध्यात धाप लागली. वर बघितलं तर आप्पा काठी घेऊन शेरडांमागं चालले होते, सावकाश, एका लयीत. बूट पांढरे राहिले नव्हते. मला बघून थांबले.

"बस जरा धोंड्यावर. केवढी धाप लागलीय तुला."

बसले. आणि मला रडूच कोसळलं. मी म्हटलं, "आप्पा, मला तुमची पावलं नको होती हो. तुम्ही आहात, एवढंच रोज कळायला पाहिजे होतं. त्या दिवशी बाजारातनं फोन आला ना, तेव्हापासून मला प्रत्येक रिंगची भीती वाटते."

आप्पा माझ्या शेजारी बसले.

"मग फोन करायचास की," ते म्हणाले. "ते यंत्र आल्यापास्नं तू एकदाबी उगीच फोन केला न्हाईस. अंगठा तेवढा यायचा. मला वाटलं, पोरीला आकडाच पायजे. मग म्हटलं, घे बाई आकडा."

त्यांनी टॉवेलानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायचे तसं, नाक दुखेपर्यंत.

तेवढ्यात ते ताडकन उठले. शेरडं खाली उतरून कुणाच्या तरी उसात शिरत होती. "आयला, गुंडूचा ऊस!" म्हणून ते काठी उगारून पळायला लागले. दोन स्टेंटचा माणूस, उताराला, आणि पळतोय!

"आप्पा, थांबा! पळू नका!" मी किंचाळले. ते कशाला थांबतात. मग मी चपला तिथंच टाकल्या, पदर खोचला आणि त्यांना ओलांडून पुढं पळाले. मागून ते ओरडत होते, काळी शेरडी आधी धर, बाकीची तिच्या मागनं येतात. मी काळी शेरडी धरली.